जुन्या पिकअपच्या टपावरचे पोपडे

कुळगावात, म्हणजे बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला, भाड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पिकअप आणि टेम्पोंची रांग एखाद्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पाहावी. रस्त्यावरून बऱ्या दिसणाऱ्या गाड्यांचे टप वरून भलतेच दिसतात. मधोमध खरखरीत, विटलेला रंग, त्याच्याभोवती अजून चमकणारा भाग आणि दोन्हींच्या सीमेवर एक वेडीवाकडी पांढरट रेघ. या रेघेखाली हवा शिरलेली असते. तिथे नख घातले की कांद्याच्या सालीसारखा पारदर्शक पापुद्रा हातात येतो. उजेडाकडे धरला तर त्यात रंग नसतोच, फक्त बारीक भेगांचे जाळे दिसते.

अशाच एका गाडीचा मी हिस्सेदार आहे. राखाडी मेटॅलिक रंग, एमएच ०५ म्हणजे कल्याणचा नंबर, आणि वय पंधरा वर्षांकडे झुकलेले. बोनेटवर पहिला पोपडा सुटला तेव्हा चौघांना विचारले आणि चार उत्तरे मिळाली. एक म्हणाला, पॉलिश मारा. दुसरा म्हणाला, वरून नुसता क्लिअर मारून देतो. तिसऱ्याने टप आणि बोनेट पार खालपर्यंत घासायला सांगितले. चौथ्याचे म्हणणे, धंद्याची गाडी आहे, साधा पांढरा मारा आणि विसरा. चौघेही वर्षानुवर्षे गाड्या हाताळणारे, त्यामुळे कोणालाच उडवून लावता येईना. ही चार मते कशावर उभी आहेत, त्यांतले काय पक्के आहे आणि कशावर अजून वाद आहे, ते या लेखात मांडतो.

ड्युकोपासून क्लिअरपर्यंत

गॅरेजात अजूनही 'ड्युको' हा शब्द ऐकू येतो. मुळात ते ड्यू पाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे व्यापारी नाव. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सने हा लॅकर आपल्या ओकलंड गाड्यांवर वापरला. त्याआधी ब्रशने वार्निशचे थर चढवून वाळवण्यात आठवडेच्या आठवडे जात, ते काम फवाऱ्याच्या गनने काही तासांवर आले. पुढे रंग बदलले, रसायने बदलली, पण आपल्याकडे गाडीवर गनने मारलेला कुठलाही रंग बराच काळ 'ड्युको'च राहिला.

ट्रकवर मात्र राज्य होते सिंथेटिक इनॅमलचे. १९८६ साली आलेली टाटा ४०७ किंवा तिच्या आधीचे मोठे ट्रक घ्या, केबिनवर एकाच थरात रंगही आणि चमकही. असा रंग म्हातारा होतो तो खडूसारखा. वरची राळ उन्हाने झिजते, रंगद्रव्याची पूड मोकळी होते, गाडीला टेकले की शर्टाला रंग लागतो. पण तो सोलत नाही. वरचा मेलेला थर घासून काढला की खाली तोच रंग जिवंत असतो.

मेटॅलिक रंगाला ही सोय नाही. त्याची झळाळी येते ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांमुळे, आणि या चकत्या उघड्यावर टिकत नाहीत. म्हणून थर दोन झाले. खाली पातळ बेस कोट, त्यात रंग आणि चकत्या. वर जाडसर पारदर्शक क्लिअर, त्यात चमक आणि संरक्षण. अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये ही पद्धत १९८० च्या दशकात रुळली. आपल्याकडे ती आधी मोटारींवर दिसली आणि पिकअप ही अर्धी घरची, अर्धी धंद्याची गाडी झाली तशी तिच्यावरही आली.

जाडीचे आकडे पाहिले की प्रश्नाची नाजूक बाजू कळते. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर सुमारे २० मायक्रॉनचा इलेक्ट्रोकोट, म्हणजे गंजरोधक तळथर, त्यावर ३० ते ४० मायक्रॉन सरफेसर, मग १२ ते २० मायक्रॉन बेस आणि सगळ्यात वर ४० ते ५० मायक्रॉन क्लिअर असतो. सगळे मिळून १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांइतकी जाडी. त्यातला ऊनपाऊस झेलणारा भाग एका केसापेक्षाही कमी.

आधी पोपडा ओळखावा

उपायांवरचे निम्मे भांडण निदान न केल्यामुळे होते, असे माझे मत झाले आहे. जुन्या गाडीवर रंग सुटतो तो तीन-चार वेगळ्या कारणांनी, आणि लांबून सगळे सारखेच दिसते.

सोपी परीक्षा फडक्याची. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, एकथरी रंग आहे. फडके स्वच्छ राहिले किंवा नुसते मळाने काळपटले तर क्लिअर आहे. पांढऱ्या गाडीला फडके रंगीत घ्यावे लागते, एवढेच.

दुसरी परीक्षा जागेची. ऊन वरून खाते, पाणी खालून. टप, बोनेट आणि मडगार्डचा वरचा फुगवटा इथून सुरू झालेले पोपडे बहुधा उन्हाचे. दाराची खालची कड, पायरी आणि हौद्याचा सांधा इथे रंग फुगला असेल तर खाली गंज आहे. तिथे क्लिअरची चर्चा करण्यात अर्थ नाही, आधी पत्रा पाहावा. उल्हास नदीच्या काठच्या गाड्यांना ही दुसरी व्याधी चांगलीच ठाऊक आहे. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ चा, ज्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर ते वांगणीदरम्यान पाण्यात अडकली होती, असे दोन मोठे पूर या पट्ट्याने पाहिले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या सांध्यांतला गाळ वर्षानुवर्षे निघत नाही.

तिसरी खूण पापुद्र्याच्या पोटाशी असते. सुटलेला तुकडा उलटा करून पाहावा. तो पूर्ण पारदर्शक असेल तर क्लिअरने बेसला सोडले. पाठीला रंग चिकटून आला तर बेस स्वतःच फाटला. आणि खाली करडा, गुळगुळीत थर उघडा पडला असेल तर सगळाच रंग तळच्या थरावरून सुटला आहे. तीन दुखणी, तीन वेगळी औषधे.

का सुटतो

पहिली उपपत्ती उन्हाची, आणि ती सर्वांत भक्कम. चांगल्या क्लिअरमध्ये दोन राखणदार घातलेले असतात. एक अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करून टाकतो. दुसरा, किरणांनी राळेचे बंध तोडल्यावर तयार होणारे उपद्रवी तुकडे पकडून निकामी करतो. दोघेही कायमचे नाहीत. वर्षे सरतात तसे ते स्वतः तुटतात, काही थरातून बाहेर निघून जातात. मग किरण क्लिअर पार करून बेसपर्यंत पोचतात आणि बेसचा अगदी वरचा पदर भुसभुशीत होतो. वरचा क्लिअर अजून कडक असतो, खालची जमीन सरकलेली असते. आता उन्हाने ताणलेला पत्रा पहिल्या पावसाच्या सरीने एकदम गार झाला की कडा उचलते. म्हणजे पोपडा दिसतो जूनमध्ये, पण रोग जडलेला असतो त्याआधीच्या कित्येक मे महिन्यांत.

यातून निघणारी गोष्ट मालकाला आवडत नाही. जिथपर्यंत पोपडा सुटला आहे तिथेच रोग थांबलेला नसतो. शेजारचा चकचकीत भागही त्याच वयाचा आणि तितकेच ऊन खाल्लेला आहे.

दुसरी उपपत्ती रसायनांची. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल बंदरात उतरवलेल्या नव्या गाड्यांवर १९८० च्या दशकात आम्लाच्या दवाने कायमचे डाग पडू लागले, तेव्हा रंग कंपन्या जाग्या झाल्या. मेलामाइनने जोडलेल्या क्लिअरचे बंध आम्लाने तुटतात, हे त्यातून पुढे आले. पुढची आम्ल सोसणारी क्लिअर त्याच तगाद्यातून निघाली आणि जॅक्सनव्हिल हे गाव अशा डागांच्या चाचणीचे ठिकाणच होऊन बसले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना रात्रीचा उग्र वास नवा नाही. त्या हवेत रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीवर पहाटे दव पडते आणि आठ वाजता ऊन. आम्लाने डाग पडतात, भेगा पडतात, पण अख्खे पापुद्रे सुटायला तेवढे पुरते का, यावर मतभेद आहेत. ऊन मुख्य आणि आम्ल वाटाड्या, अशी मांडणी मला जास्त पटते.

इथेच जांभळाचाही उल्लेख हवा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले याचा इथल्या माणसाला अभिमान आहे, मात्र जूनमध्ये त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला तो जरा कमी वाटतो. जांभळे खायला आलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतली पाचक द्रव्ये गरम क्लिअरला मऊ करतात, विष्ठा वाळताना आकसते आणि क्लिअरला ओढते. एका दुपारीत ठसा उमटतो. त्या ठशातून पुढे पाणी शिरते.

तिसरी उपपत्ती हाताची, म्हणजे माणसाच्या. गाडी आधी एकदा रंगवलेली असेल तर दोष बहुतेक तिथेच शोधावा. खालचा थर नीट घासला नाही, बेस वाळल्यावर क्लिअर मारायला फार उशीर झाला, हार्डनर कमी पडला, क्लिअर पातळ बसला किंवा पत्र्यावर पॉलिशमधले सिलिकॉन राहून गेले, तर असे काम दोन-तीन पावसाळ्यांत बोलू लागते. घरच्या हातानेही भर पडते. काटई-कर्जत रस्त्यावरची धूळ रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे अतिशय सावकाश चाललेले घासकामच. आणि दरवर्षी हौसेने रबिंग करून घेणारा मालक त्या ४०-५० मायक्रॉनांतले काही मायक्रॉन आपल्या खर्चाने उडवत असतो.

जबाबदारी कोणाची

हा वाद आपल्याकडे फारसा पेटत नाही, कारण पोपडा दिसेपर्यंत हमीची मुदत केव्हाच संपलेली असते. अमेरिकेत तो न्यायालयात गेला. फोर्डच्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि १९९० च्या सुरुवातीच्या पिकअप ट्रकांबाबत ग्राहकांचा आरोप असा होता की इलेक्ट्रोकोट आणि रंग यांच्यामधला प्रायमरचा थर कारखान्यात गाळला गेला, त्यामुळे किरण थेट तळापर्यंत गेले आणि रंग सोलला. सगळ्या मालकांचा एकच सामुदायिक दावा म्हणून खटला चालवायला लुइझियानातल्या संघीय न्यायालयाने १९९८ साली नकार दिला. अलीकडचे उदाहरण टोयोटाचे. काही पांढऱ्या रंगांमध्ये उन्हामुळे तळच्या इलेक्ट्रोकोटवरची पकड सुटू शकते असे सांगून कंपनीने २०१९ साली अमेरिकेत ठरावीक मॉडेलांसाठी रंगाची हमी वाढवून दिली.

यातला बोध पांढऱ्या पिकअपवाल्यांसाठी आहे. पांढऱ्यावरचा पोपडा थेट करड्या थरापर्यंत गेला असेल तर 'क्लिअर उडाला' म्हणून वरून क्लिअर मारण्याला काहीच अर्थ नाही. तिथे क्लिअर हा आरोपीच नव्हता.

उपायांचे पक्ष

पॉलिशवाल्यांचा पक्ष आधी घेऊ, कारण तो सर्वांत स्वस्त आहे. क्लिअर नुसता धुरकट झाला असेल, भेगा नसतील आणि कडा बसलेल्या असतील, तर पॉलिश आणि वॅक्सने एखाददुसरे वर्ष बरे जाते. सुटलेल्या पापुद्र्यावर मात्र त्याचा उपयोग शून्य. उलट ते कडेखाली शिरते, आणि पुढे कधी रंग मारायचा झाला तर त्या जागी रंग फाकून माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. मग पेंटर आपल्याला शिव्या देतो, आणि त्या रास्त असतात.

दुसरा पक्ष 'नुसता क्लिअर' मारणाऱ्यांचा. ३२० नंबरच्या वॉटर पेपरने कडा उतरवायची, ६०० ने सगळे सारखे करायचे आणि वरून हार्डनरचा क्लिअर. त्यांचे म्हणणे असे की जुन्या गाडीवर यापेक्षा जास्त खर्च म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. या म्हणण्यात तथ्य आहे, पण एका अटीवर. डाग स्थानिक हवा. दगड लागला, पक्ष्याने घाण केली किंवा जुने टचअप फसले, आणि भोवतालचा क्लिअर धडधाकट आहे, अशा वेळी पत्र्याच्या नैसर्गिक कडेपर्यंत क्लिअर ओढला तर तो टिकतो. उन्हाने सुटलेल्या टपावर तीन अडचणी येतात. उघडा पडलेला बेस आधीच विटलेला असतो, नवा क्लिअर तो विटकेपणा काचेखाली ठेवल्यासारखा कायम करतो. नव्या क्लिअरमधला थिनर जुन्या कडेखाली शिरून ती पुन्हा उचलतो. आणि भोवतालचा जुना क्लिअर आज ना उद्या सुटणारच असतो. आमच्या गाडीचे पहिले काम असेच झाले होते. दुसऱ्या पावसाळ्यात नवा क्लिअर जुन्याला घेऊन उठला, आणि आता पापुद्रा दुप्पट जाड होता.

तिसरा पक्ष अख्खा भाग घासून नव्याने उभा करणारा. तत्त्व म्हणून याच्याशी कोणाचे भांडण नाही. वाद आहे तो घासायचे कुठपर्यंत, यावर. एक मत म्हणते, पत्र्यापर्यंत जा, शंका उरायला नको. दुसरे म्हणते, कारखान्याचा इलेक्ट्रोकोट १४० अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या भट्टीत पिकलेला असतो आणि गंजाविरुद्ध तसा थर रस्त्याकडेच्या गॅरेजात पुन्हा कधीच होणार नाही. तो शाबूत असेल तर त्याला हात लावणे हा गुन्हा. मला हे दुसरे मत पटते. गॅरेजात रंग फार तर ६० अंशांवर सुकवता येतो, कारण गाडीत आता रबर, वायरिंग आणि प्लॅस्टिक बसलेले असते. गंज दिसला तिथे पत्र्यापर्यंत जावे आणि इपॉक्सी प्रायमरने बंद करावे. बाकी ठिकाणी पहिल्या धडधाकट थरावर थांबावे.

थांबायचे कुठे हे कसे कळते, ते एका पेंटरने मला हाताने दाखवले. त्याने कॉम्प्रेसरच्या नळीला बारीक तोंड लावले आणि पोपड्याच्या कडेला तिरकी हवा सोडली. पापुद्रे फडफडत उडू लागले. हाताएवढा उघडा पट्टा पाच मिनिटांत ताटाएवढा झाला. बोनेटच्या बिजागरीजवळ, जिथे कायम सावली असते, तिथे हवा हरली. "इथपर्यंत तुमचं मेलेलं होतं," तो म्हणाला. चकचकीत दिसणारा निम्मा भाग त्या मेलेल्यात मोडत होता.

त्यानंतरची कृती ठरलेली आहे. सरफेसर, ६०० ते ८०० चा ओला कागद, बेसचे दोन-तीन हात आणि प्रत्येकामध्ये थिनर उडून जायला दहा मिनिटे, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा दोनास एक किंवा चारास एक, हार्डनर मिसळून क्लिअरचे दोन हात. इथे होणारी काटकसर ओळखीची आहे. क्लिअरचा एकच हात मारला जातो आणि थिनर जास्त घातला जातो. गाडी नेताना चकाकते, आणि जाडी मोजायचे यंत्र कोणाकडे नसते.

या पक्षाची खरी अडचण रंगछटेची. पंधरा वर्षांच्या मेटॅलिकशी नवा मेटॅलिक जुळवणे म्हणजे जुन्या साडीला नवे काठ लावणे. चकत्या कशा बसल्या, गन किती लांबून फिरली, यावर छटा बदलते. टप आणि बोनेट केले की दारे जुनी दिसतात.

चौथा पक्ष त्यावर हसतो आणि सांगतो, मेटॅलिकच सोडा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, एकथरी पांढरा किंवा कंपनीच्या यादीतला दुसरा कुठलाही साधा रंग मारा. क्लिअरच नाही तर सुटणार काय? टचअप कोणीही करील, छटा जुळेल, आणि पांढरा टप उन्हात कमी तापतो. धंद्याच्या गाडीसाठी हा युक्तिवाद जोरकस आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. सगळ्या गाडीचा रंग बदलला तर तो परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यायला हवा. दुसरी गोष्ट, मालवाहू गाडीवरच्या परावर्तक पट्ट्या, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, रंगकामात निघतात. त्या नव्याने लावल्या नाहीत तर पासिंगला, म्हणजे योग्यता तपासणीला, अडते.

याच पक्षाची एक गरीब शाखा आहे, ब्रशने किंवा रोलरने सिंथेटिक इनॅमल फासणारी. हौद्याला आणि फाळक्याला ते अगदी योग्य. केबिनला लावण्यापूर्वी मात्र ध्यानात घ्यावे की ही वाट परतीची नाही. इनॅमलवर पुढे हार्डनरचा रंग मारला की त्यातला तेज थिनर खालचे इनॅमल सुरकुत्यांसारखे उचलतो. मग सगळे पुन्हा काढावे लागते.

स्टिकर आणि विनाइलचे आवरण हा अलीकडचा पर्याय. त्याला खाली घट्ट पृष्ठभाग लागतो. सुटलेल्या क्लिअरवर चिकटवले तर काढताना उरलासुरला रंगही त्याच्याबरोबर येतो. स्प्रेच्या डब्यांत दोन जाती आहेत. साधे डबे, ज्यांचा थर पातळ बसतो आणि पेट्रोल सांडले तरी विरघळतो, आणि बुडाची कळ दाबून हार्डनर मिसळायचे डबे, जे त्या मानाने टिकतात. उल्हासनगरच्या बाजारात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. कळ आहे का, ते पाहून घ्यावे.

आणि शेवटी काहीच न करणाऱ्यांचा पक्ष, जो संख्येने सगळ्यांत मोठा. क्लिअर गेला म्हणून गाडी थांबत नाही. बेस झिजतो, मग सरफेसर दिसतो, पत्रा उघडा पडायला वेळ लागतो. विकायची गाडी असेल तर हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. फक्त टपाच्या पन्हाळ्यांत पाणी साठत असेल तर वेगळे. तिथे गंज लवकर पोचतो आणि मग खर्च रंगाचा न राहता पत्र्याचा होतो. टपावर ताडपत्री बांधून ठेवणे हा उपाय सोयीचा वाटतो, पण ओली ताडपत्री वाऱ्याने घासत राहते. सावली तेवढी चांगली.

पाऊस आणि पासिंग

हे सगळे ज्या ठिकाणी घडते ती जागा म्हणजे पत्र्याची शेड, अनेकदा तीही नाही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतका ओलावा असतो की हार्डनर पत्र्यावरच्या रंगाऐवजी हवेतल्या पाण्याशीच सोयरीक जुळवतो. क्लिअरमध्ये सूक्ष्म बुडबुडे अडकतात, चमक दुधाळते. एप्रिल-मेमध्ये उलटे. पत्रा इतका तापलेला असतो की वरचा पदर आधी धरतो आणि आत अडकलेला थिनर टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडून बाहेर येतो. दसऱ्यानंतर थंडीच्या अखेरीपर्यंतचा काळ बरा, तोही दव वाळल्यावर आणि दुपारच्या आत.

पण पासिंगची तारीख ऋतू पाहून येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगच्या आधी गाडीला रंगाचा एक हात मारून घेण्याची जुनी रीत आहे. ज्याची तारीख ऑगस्टमध्ये येते, त्याच्या गाडीवर दरवर्षी पावसाळी हवेत रंग चढतो. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे योग्यता शुल्क कित्येक पटींनी वाढले. गाडी ठेवावी की भंगारात द्यावी, हा विचारच आधी करावा लागतो आणि रंगाचा खर्च त्याच हिशेबात बसवावा लागतो.

पेंटरची छाती

या चर्चेत ज्याचे नाव कोणी घेत नाही तो गन धरणारा माणूस. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने दम्याची व्याधी जडते, आणि एकदा शरीर चिडले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यावर कुचकामी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून अशी उत्पादने धंद्यात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. आपल्याकडची एक-दोन माणसांची गॅरेजे कारखान्यांच्या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

शिशाचेही तसेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतले शिसे ९० पीपीएमच्या आत असावे, हा २०१६ चा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. वाहनांचे रंग त्यात नाहीत. जुन्या ट्रकवरच्या भडक पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची रंगद्रव्ये असण्याची शक्यता धरूनच चालावे. तो कोरडा घासू नये, पाणी मारून ओलाच घासावा. धूळ पेंटरच्या अंगाला लागून त्याच्या घरी जाते.

न मिटलेले मुद्दे

टिकाऊपणा मोजायचा कसा, हा जगभरच जुना वाद आहे. झेनॉन दिव्याखाली रंग जलद म्हातारा करून पाहायच्या जुन्या पद्धतीत पुरेसे पाणी मुरतच नव्हते. त्यामुळे प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले रंग फ्लोरिडाच्या ओल्या उन्हात सोलत. २०१३ साली आलेल्या एएसटीएम डी ७८६९ या पद्धतीने पाण्याचा हिस्सा वाढवला. आधी महिनोन्‌महिने कडक कोरडे ऊन आणि मग चार महिने भिजत राहणे, हा कोकणाच्या उंबरठ्यावरचा क्रम फ्लोरिडापेक्षा वेगळा आहे. फ्लोरिडात पास झालेला क्लिअर बदलापुरात किती वर्षे काढील, हा प्रश्न त्या चाचणीने सुटत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो शास्त्राने सुटणारा नाही. अख्खा भाग घासून केलेले काम पाच-सात वर्षे चालेल असे गृहीत धरले तरी गाडीच तेवढी चालणार आहे का? चालणार असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या पक्षाकडे जावे. दोन वर्षांत विकायची असेल तर पोपडे तसेच ठेवून गिऱ्हाइकाला उघड सांगितलेले बरे. पासिंगपुरता वरून क्लिअर फासणे हा दोन्हींच्या मधला मार्ग दिसतो, पण त्यात पैसे जातात आणि पुढच्या पेंटरचे काम वाढते. तो टाळावा.

आम्ही शेवटी दिवाळीनंतर टप आणि बोनेट इलेक्ट्रोकोटपर्यंत घासून राखाडी मेटॅलिकच करून घेतले, क्लिअरचे दोन पुरे हात उभे राहून मारून घेतले, आणि दारांना हात लावला नाही. टपाचा नवा राखाडी दारांच्या जुन्या राखाडीपेक्षा एक छटा गडद आला आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सोफे भरून देणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल अजून विचारलेले नाही.